कोंडवाड्यातली सभासद

पाणीपुरवठा सहकारी संस्थेच्या सेक्रेटरीपदाची चौदा वर्षं भरली आणि धर्मराजला स्वतःच्या आवाजाचाही कंटाळा आला. ठराव तो वाचायचा, सभासद न ऐकता मंजूर करायचे. सगळा कारभार असाच चाललेला.

तेलगावच्या बाजूचं हे गाव. दोन सालं पाऊस फिरकला नव्हता, तरी विहिरीला पाणी होतं ते सत्यभामेमुळे. ती ओल्या हाताची. असं माणूस शंभर गावांत एखादंच जन्माला येतं. तळहात बारमाही ओले, आणि विहिरीच्या काठाला ते टेकले की पाणी वर चढतं. रोज हात लागला नाही की पाणी पुन्हा तळाला जातं. म्हणून दोन वर्षांपूर्वी संस्थेनं तिला उमापूरहून आणलं आणि कोंडवाड्यात ठेवलं. जनावरं छावणीला गेल्यानं तो रिकामाच होता. भिंतींना चुना दिला, आत बाज टाकली आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली धर्मराजच्या करगोट्याला, आणि तिला रोज विहिरीवर नेऊन आणायचं कामही त्याचंच.

चेअरमन मोहनराव मनानं वाईट नव्हते, खरी पंचाईत तीच होती. ही वेठबिगारी तर नव्हे, असं कुणी विचारलं की ते खरोखर दुखावायचे. "वेठबिगारी? अहो, शेअर हाय तिच्या नावानं! सभासद हाय ती. संस्थेची मालकीण म्हना की!"

धर्मराजनं एकदा हे सत्यभामेला सांगितलं. ती भाकरी कुस्करत होती.

"मालकिणीच्या दाराला भाईरून कुलूप असतंय का, सेक्रेटरी?" ती म्हणाली आणि कोरड्यास ओतून घेतलं.

मग उमापूरहून निरोप आला. तिची सहा वर्षांची पोर तिथं आजीपाशी होती. पोरीचेही हात ओले निघाले. मोहनरावांनी लगेच ठराव सांगितला, की पोरीला संस्थेत दाखल करून घ्यावं. मायलेकी एकत्र राहतील, गावाला पाणीही वाढेल. धर्मराजनं निमूट लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सत्यभामेनं दाराचे गज धरले. "मला ठिवा. जलमभर ठिवा. पन पोरीला आनू नका."

त्याला तिचा रागच आला. अजून एक गाऱ्हाणं, तेही आपल्याच गळ्यात. तो तसाच निघाला. गजांवर तिच्या हातांचं पाणी ओघळत होतं, ते मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

सभा सकाळी मारुतीच्या पारावर भरली. ठरावाचा आकडा कानावर पडला की "मंजूर" म्हणायचं, अशी इथली रीत. सगळ्यांचं लक्ष चहाच्या पातेल्याकडे. चार ठराव तसेच गेले.

"ठराव क्रमांक पाच," धर्मराज म्हणाला. कागदावर एक होतं, तोंडून दुसरंच निघालं. "सत्यभामा व तिची मुलगी यांच्यावर संस्थेचा कसलाही ताबा राहणार नाही. बाईस आजच घरी जाऊ द्यावे."



"मंजूर!" अख्खा पार ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज मोहनरावांचा. धर्मराजनं तिथंच बसून बोलला तसा ठराव वहीत उतरवला, आणि मोहनरावांनी न वाचता खाली सही ठोकली.

चहा वाटून होईपर्यंत त्यानं कोंडवाडा गाठून कुलूप काढलं. सत्यभामा धडपडत उठली. "आनली का पोर?"

"न्हाई. तुमीच घरी जायचंय. ठराव झालाय."

ती कुलुपाकडे बघत राहिली. "एवढ्यानं होतंय?"

"व्हय."

"मंग दोन वर्सं कावून न्हाई क्येलंत?"

"लई दमलो होतो, सत्यभामाबाई."

"आन् मी?"

तिनं पदराला हात पुसले, लुगड्यांचं बोचकं उचललं आणि उमापूरच्या वाटेला लागली. धर्मराजनं सवयीनं रिकाम्या कोंडवाड्याला कुलूप घातलं. दहा पावलं गेल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं.

समोरून त्याची बायको विमलबाई घागर घेऊन विहिरीकडे येत होती. सभेत काय झालं, असं तिनं विचारलं.

"हायेत तेवढी भांडी भरून ठिव," तो म्हणाला. "आजच भर. कुनाला बोलू नको."

आणि स्वतःचे शब्द ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.