दोन वितींवरचा चेंडू

लोक म्हणतात, आईचं काळीज. असेलही. पण गोल्फच्या पिशवीत चौदाच काठ्या न्यायची परवानगी असते, त्यात काळीज कुठे कोंबणार?

संघात बायकांची एकच जागा उरली होती आणि अंतिम सामना जिंकणारीला ती मिळणार होती. अंतिम सामन्यात आम्ही दोघी. मी सत्तेचाळीस वर्षांची आणि माझी लेक बावीसची. तिला पुढे वीस वर्षं होती, माझी ही शेवटची संधी. "मी कुणाच्याच बाजूने नाही," असं म्हणून नवरा घरी झोपून राहिला. शहाणा माणूस.

पोरीचा लांबचा फटका माझ्यापेक्षा चाळीस पावलं पुढे पडतो. तिचं दुखणं जवळचं आहे. चेंडू होलपाशी आला की तिचे हात लटपटतात. हे फक्त आम्हा दोघींनाच माहीत, कारण तिला शिकवलं मीच.

आमच्या खेळात चेंडू होलच्या अगदी जवळ असला तर समोरचा "दिला" म्हणू शकतो. मग तो मारायचा नाही, गेला असं धरायचं. त्या दिवशी मी सढळ हाताने देत सुटले. वीतभर राहिला, दिला. दोन विती, तोही दिला.

"आई, आज किती लाड करतेयस गं!"

"एकुलती एक आहेस बाई."

सतरा होल झाले तरी बरोबरीच. सकाळपासून तिने एकही जवळचा चेंडू स्वतः घातला नव्हता. अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलला मला चार फटके लागले. तिचा चेंडू दोनच फटक्यांत होलपासून दोन वितींवर. घातला की ती जिंकली. उचलायला ती वाकली आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

मी टोपी नीट केली. बोलले काहीच नाही.

"ताई, मारावा लागेल," पंच म्हणाले.

तिने मारला तो हातभर पलीकडे गेला. परतीचा गेला असता तर निदान बरोबरी होती, पण तोही कडेवरून निसटला. मी जिंकले. खरं सांगते, फार बरं वाटलं. इतकं, की तिला जवळ घ्यायचंही राहून गेलं.

गाडीत तिने विचारलं, "तू मुद्दाम देत होतीस ना?"

"हो."

"सकाळपासून?"

"तू उपांत्य सामना जिंकलीस ना, तेव्हाच ठरवलं होतं."



घरी पोचलो. दाराला कुलूप, नवरा बाहेर गेलेला. माझ्या हातात करंडक, म्हणून चावी तिने काढली. कुलपापाशी नेली आणि हात लटपटायला लागला. चावी एकदा कडेला लागली, मग पुन्हा. "दे इकडे," एवढंच म्हणायचं होतं मला. पण मी श्वास रोखून मागे उभी होते, आणि तिची चावी चुकायची वाट बघत होते.