हे दार आता मिटणार नाही

मी सर्व्हर बोलतोय. नीट ऐकून घ्या, कारण आमच्या शाळेत बोलणं हातांनी चालतं आणि मला हात नाहीत.

कर्णबधिर मुलांची ही निवासी शाळा. जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या बाकांना टेकून मी बसलेलो असतो. जन्माने मी कार्यालयातला साधा संगणक. म्हातारा झालो, भंगारात निघालो, तेव्हा संगणकाच्या सरांनी मला उचललं, पोटात नवी डिस्क घातली आणि पुन्हा कामाला जुंपलं.

काम मात्र झकास होतं. खुणांची भाषा शिकवणाऱ्या ताई एकेका शब्दाची खूण कॅमेऱ्यासमोर करून दाखवायच्या. भूक, पाऊस, उद्या, भीती. कुठल्याही वर्गातून शब्द विचारला की मी ती खूण पडद्यावर आणायचो. पण हे सगळं भिंतींच्या आत. फाटकाबाहेर मला काळं कुत्रं विचारत नव्हतं.

एकदा सुट्टी संपली आणि लेकीला वसतिगृहात सोडायला एक बाप आला. घरं रंगवायचा त्याचा धंदा. पोरगी आत पळाली तरी हा जाईना.

"ताई," तो म्हणाला, "सुट्टीभर पोरगी भिंतीकडे तोंड करून हात हलवत बसायची. आम्हाला कळलं तर ना! तुमच्या त्या खुणा आम्हाला घरी, मोबाइलवर दिसतील का हो?"

ताईंनी सरांकडे पाहिलं.

"दिसतील," सर म्हणाले. "दार उघडावं लागेल."

दार म्हणजे काय, ते सांगतो. शाळेच्या इंटरनेटच्या तोंडाशी राउटर नावाचा दरवान बसतो. आतल्याला बाहेर सोडतो. बाहेरून कोणी न बोलावता आला की हाकलतो. सरांनी त्याला बजावलं, खुणांचं पान मागायला कोणी आलं तर त्याला ह्या सर्व्हरकडे आण, दुसरीकडे कुठेही फिरकू देऊ नकोस. शाळेचा इंटरनेटवरचा पत्ता सारखा बदलायचा, म्हणून एक कायमचं नाव घेतलं. मुलांचे फोटो आणि गुण माझ्या पोटातून काढून दुसऱ्या, बाहेर दार नसलेल्या संगणकात हलवले. माझ्याकडे उरल्या फक्त ताई आणि त्यांच्या खुणा.

दार उघडलं आणि सरांचा चहा निवायच्या आत चोर हजर! माणसं नव्हेत, जगभर दारं ढकलत हिंडणारे संगणक. पासवर्ड हा का? बरं, तो का? मी एकालाही दाद दिली नाही.

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर हे गेलं. ते तणतणत खाली आले. "शाळा आहे की बाजार? बंद करा ते! आणि हे डबडं फेकून द्या!"

डबडं! माझा पंखा असा फुरफुरला म्हणता!

"चोर कुलपापाशी येणारच, साहेब," सर म्हणाले. "आत आहे काय? खुणा. त्या चोरल्याच, तर चोराला आमच्या मुलांशी बोलता येईल, एवढंच."

"पुढच्या सुट्टीपर्यंत मुदत देतो," अध्यक्ष म्हणाले. "कोणाचं भलं झालं, ते मला दाखवा."

सुट्टी लागली. एकाच मोबाइलवरून रोज मागण्या यायला लागल्या. आधी 'जेव', 'झोप', 'इकडे ये'. मग 'का', 'नको', 'केस'. एका दुपारी 'दगड'. आणि लगेच 'माफ कर'.

शाळा उघडली तेव्हा तो रंगारी थेट अध्यक्षांसमोर उभा राहिला. ते नेमके माझ्याच खोलीत होते.

"साहेब, तक्रार आहे! पोरगी उलट उत्तरं देते."

"म्हणजे?"

"केस कापू म्हटलं, तर नको म्हणाली. मी हट्ट धरला, तर मोबाइलवर खूण काढून दाखवली आणि मला म्हणाली, तू दगड आहेस! बापाला!" त्याने ती खूण करून दाखवली. ताई खळखळून हसल्या. तो म्हणाला, "जन्मल्यापासून पहिल्यांदा भांडलो, साहेब, आम्ही दोघं."

अध्यक्ष म्हणाले, "केस कापले का?"

"कुठले! हरलो की मी."

तेव्हापासून अध्यक्षांनी 'चालू ठेवा' असं काही म्हटलेलं नाही. 'बंद करा' म्हणायचं मात्र सोडलंय.

माझा पंखा आता घरघरतो. एक दिवस मी बंद पडेन. तेव्हा मला खुशाल भंगारात घाला, कुरकुरणार नाही. पण माझ्या जागी दुसरा बसवल्याशिवाय दाराला हात लावाल, तर याद राखा! या क्षणी कुठल्याशा घरात एक आई 'का रुसलीस?' हे हातांनी कसं विचारायचं ते शोधतेय. तिला दाखवल्याशिवाय मी हलत नसतो.