शिळ्या पाण्यात बुडालेली कोरांटी

मित्रांनो, मी एक काटेरी कोरांटी आहे. पिवळी. मला मुद्दाम कुणी लावत नाही. बांधाला, कुंपणाला मी आपली आपण वाढते. उमरीजवळच्या एका बांधावरून केरबामामांनी माझी फांदी तोडली आणि भोकरला त्यांच्या भाचीला, पंचशीलाला, दिली.

तिनं मला दारातच लावलं. ऑक्टोबरातल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बुद्धवंदनेसाठी घरचीच फुलं ठेवणार, असं तिनं वर्गात सांगूनही टाकलं!

शेजारच्या तारामतीकाकू म्हणाल्या, "काटेरी झाड दारात? घरात भांडणं लागतेत गं!"

"काकू, झाड नव्हतं तवाबी आमी भांडतच होतो की!"

आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो. ताजं पाणी आलं की साठवलेलं पाणी लगेच शिळं ठरतं. कालपर्यंत जपून वापरलेलं तेच पाणी मग बादल्यांनी माझ्या बुडाशी. खाली काळी माती. पाणी तिथून हलेचना. ऑगस्टात माझी पानं पिवळी पडली. तहान लागली असेल म्हणून पंचशीला रोज दोन तांबे जास्त घालू लागली. काकूंनाही दया आली. त्यांनी त्यांचं शिळं पाणी आणून ओतलं. मला राग आला नाही. मुळं कुजत होती, एवढंच.

सप्टेंबरात केरबामामा आले. त्यांनी मातीत बोट खुपसलं, वास घेतला.

"पोरी, झाड तहानलेलं न्हाई. तू त्याला बुडवून राहिलीस."

"मग आता काय करू, मामा? महिनाच राहिलाय!"

"काहीच करू नको. तेच लई अवघड हाय बघ."

मामांनी कुजकी मुळं छाटली, खड्ड्यात मुरूम भरला आणि मला उंचावर लावलं. पुढच्या नळाला काकू बादली घेऊन आल्या. पंचशीला मध्ये उभी राहिली. "न्हाई काकू, तिला उपास हाय!"

धम्मचक्र प्रवर्तन दिन उजाडला तेव्हा माझ्यावर नुसत्या कळ्या होत्या. तिनं बाजारातला झेंडू वाहिला. वर्गात मैत्रिणींनी टोमणे मारलेच. ती म्हणाली, "झाड जगलंय ना, बास!"

फुलं नऊ दिवसांनी आली. तिनं दोन खुडली, बोटाला काटा टोचून घेतला, आणि साध्या मंगळवारी वंदनेला ठेवली.

मित्रांनो, झाडांवर माया जरूर करा. फक्त बादली उचलायच्या आधी त्यांना तहान आहे का, ते बघा.