इराच्या आधीचं गाणं

"ऐका तर आधी, ताई," म्हणत चंद्रप्रकाशने फोन टेबलावर उभा केला आणि आवाज वाढवला.

फोनमध्ये रुपेरी केसांची एक मुलगी हात पसरून गात होती. तिचं नाव इरा. ती कुठे जन्मली नव्हती, कुठे राहत नव्हती. कॉम्प्युटरवर तयार केलेली ही गायिका गेलं वर्षभर घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत हळदी आणि सोसायट्यांचे कार्यक्रम गाजवत होती. जयंती उत्सव समितीच्या खोलीत सगळे माना डोलवत होते. दर्शना वाकोडे मात्र खुर्चीत ताठ बसली.

वरच्या सुराआधी इरा श्वास घेत होती. आधी अर्धा, मग जरा थांबून उरलेला. फुप्फुसंच नसलेल्या त्या मुलीला श्वासाची काय गरज? तो श्वास दर्शनाचा होता.

काही वर्षांपूर्वी ती अंधेरीच्या एका स्टुडिओत कोरस गायला जायची. कामं आटत चालली तेव्हा तिथल्या एकाने विचारलं, ताई, नुसता आवाज द्याल का? काचेच्या खोलीत बसून तिने आठवडाभर सरगम म्हटली, सुटी अक्षरं म्हटली, हसली, कुजबुजली, सही केली आणि घरी आली. त्यानंतर कोरसचं बोलावणं आलंच नाही.

"यंदा हिलाच आणतोय," समितीचा अध्यक्ष असलेला चंद्रप्रकाश म्हणाला. "मोठी स्क्रीन, लाइट, झकास. पोरं तेच मागतायत ना. तुम्ही इतकी वर्षं गायलात आमच्याकडे. म्हटलं, दुसऱ्याकडून कळायला नको."

"हा आवाज माझाय, भाऊ."

कुणीतरी हसलं. दर्शनाने तीच ओळ गाऊन दाखवली. हसणं थांबलं. चंद्रप्रकाश तिच्याकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत राहिला.

"आयला! म्हणजे यंदाही तुम्हीच गाणार की!" तो अगदी मनापासून म्हणाला. "मग टेन्शन कसलं? तुम्ही आराम करा, ताई. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो तुमची."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"मला खुर्ची नको. मला गायचंय."

"ताई, समजून घ्या ना..."

"एक गाणं. कधीही द्या. पण स्टेजवर, माइकवर."

बरीच ओढाताण झाली. दर्शना उठायला तयार नव्हती. शेवटी ठरलं, इरा सुरू व्हायच्या आधी, स्क्रीनची जोडाजोडी चालू असताना, एक गाणं.

घरी लेकीने, चेतनाने, कपाळाला हात लावला. "आई, कशाला गं? लोक कम्पेअर करणार. तिचा वरचा सूर बघ, आणि तुझा..."

"बोल ना."

"तुझा आता फाटतो."

खरंच होतं ते. इराकडे दर्शनाचा तेव्हाचा आवाज होता. तो तिथेच थांबला होता, आणि दर्शना पुढे चालत आली होती.

तरी तिने हट्टाने जुन्याच पट्टीत, काळी पाचमध्ये, तालीम धरली. घसा बसला. गरम पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा बसली, पुन्हा खोकला. तिच्यासोबत पहिल्यापासून ढोलकी वाजवणारे दादूकाका शेवटी वाजवायचेच थांबले.

"कुणाशी शर्यत लावलीस गं? स्वतःशीच? पट्टी उतरव."

"लोक म्हणतील, हिचं संपलं."

"म्हणू देत. मी ढोलकी उतरवतो, तू आवाज उतरव."

ती खाली, काळी तीनवर आली. तिथे तिला आपल्या आवाजात एक जाडसर, खरखरीत धार सापडली. असा आवाज तिच्या आईचा होता. आई बिगारी कामाला जायची आणि विटा वाहताना स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणायची. आजवर दर्शनाने ते स्टेजवर कधी घेतलं नव्हतं. आता तेच घ्यायचं ठरवलं.

जयंतीच्या संध्याकाळी ती उभी राहिली तेव्हा निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. मागे शिडीवर चढून दोघं वायरी जोडत होते. स्क्रीन मध्येच निळी व्हायची, मध्येच लाल.

*डोईवर विटांची चळत गं बाई,*
*खाली माझी लेक धडा वाचत जाई...*

"इरा लावा, इरा!" मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. स्पीकरमधून तो सगळ्या मैदानभर गेला. ती थांबली. दादूकाकांनी मान वर केली नाही, ठेकाही सोडला नाही. दर्शनाने मान ताठ केली, तीच ओळ पुन्हा घेतली, वरची जागा सोडून खालूनच सरळ म्हटली आणि पुढे गेली. गाणं संपवूनच उतरली. टाळ्या थोड्या पडल्या.

वस्तीच्या तोंडाशी भाजी विकणारी म्हातारी सुंदराबाई पायरीपाशी उभी होती. "तुझ्या आईचं ना हे? मी होते तिच्यासोबत कामावर. ती तर अजून लय म्हणायची. म्हण की पुढलं."

"एकच द्यायचं ठरलंय, मावशी."

"ते इथलं ठरलंय. आमच्या गल्लीत कुणी काय ठरवलंय?"

मागे दिवे झगमगले आणि मैदान भरून गेलं. इरा आली. पोरं नाचायला लागली. इराचा वरचा सूर चढला आणि दर्शना क्षणभर थांबली. सुरेख लागला होता. तिने मनातल्या मनात दाद दिली आणि सुंदराबाईच्या मागे चालू लागली.

गल्लीत बायकांनी चटया टाकल्या. कुणी पंखा दारापर्यंत ओढून आणला. दादूकाका भिंतीला टेकले. चेतना आली आणि आईच्या मागे, कोरसच्या जागी, मांडी घालून बसली.

मैदानातला आवाज इथपर्यंत घुमत होता.

"ते संपू दे, मग म्हण," सुंदराबाई म्हणाली. "एवढ्या गोंगाटात काय ऐकू येणार?"

"मग जवळ सरका," दर्शना म्हणाली आणि तिने सुरुवात केली.

बायका सरकल्या.