रस्त्यावर आडवी पडलेली नळी

मी एक जुनी रबरी नळी आहे. मित्रांनो, रस्त्यावर आडवी ठोकलेली काळी नळी तुम्ही कधीतरी ओलांडली असेल. पाण्याची समजून सोडूनही दिली असेल. माझ्यात पाणी नसतं, हवा असते. चाकं अंगावरून गेली की हवेचे धक्के कडेच्या पेटीत पोहोचतात आणि गाडी मोजली जाते. कारखान्यातून निघाले तेव्हापासून मला स्वस्थता ठाऊक नाही. एक चाक गेलं की दुसरं कधी येईल, या धास्तीनं अंग ताठलेलं.

एकदा मला एका अरुंद गल्लीत ठोकलं. चौकातली रांग चुकवायला गाड्या या गल्लीत घुसत आणि पुढे पुन्हा मोठ्या रस्त्यात मुसंडी मारत. त्यामुळे रांग आणखीच तुंबे. वाहतूक खात्यातल्या इंजिनिअर बाईंनी माझ्या आकड्यांवरून संगणकात त्या रस्त्यांचं गणिती प्रारूप मांडलं. उत्तर उलटंच आलं: गल्ली बंद केली, तर सगळेच लवकर पोहोचतील.

त्याच गल्लीत बाईंच्या थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं.

"तुझ्या गणितात माझं दुकान कुठे आहे?" बहिणीनं विचारलं.

"त्यात फक्त गाड्या आहेत, ताई."

"आणि गाडीवरून येतं ते माझं गिऱ्हाईक नाही का?"

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या दोन्ही तोंडांना अडथळे लागले. मोठा रस्ता खरंच वाहू लागला. बाईंची पाठ थोपटली गेली, माझंही कौतुक झालं. पण माझ्या अंगावर एकही चाक येईना. ताईंचं मशीनही थंडावलं. ती शांतता मला चावत होती. बाई रोज यायच्या, दुकानाकडे बघायच्या, आत जायच्या नाहीत.

शेवटी एकदा त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. कोण कुठून येतं, गाडी कुठे लावतं, हे ताईंनाच विचारू लागल्या. मग प्रारूप पुन्हा मांडलं. गल्लीचं एक तोंड उघडलं, दुसरं बंदच ठेवलं. गिऱ्हाईक आत येऊ शकत होतं. आरपार पळणाऱ्यांना वाट नव्हती. मोठा रस्ता वाहतच राहिला.

"गिऱ्हाईक निम्मं तरी परतलं," ताई म्हणाल्या. "तुझ्यावरचा राग अजून आहे. आत येऊन बस."

आता मी चिरले आहे. हवा गळू लागली, गाड्या मोजणीतून निसटू लागल्या. गोदामात गुंडाळून ठेवलंय, तरी बाहेरून ट्रक गेला की दचकते. मित्रांनो, रस्त्यावरच्या माझ्या बहिणींवर गंमत म्हणून उड्या मारू नका. तुमची उडी चाक म्हणून मोजली जाते आणि सगळा हिशेब चुकतो. आणि मोठेपणी रस्त्यांची गणितं मांडाल, तेव्हा कडेच्या दारांत आधी विचारा. मला चाक कळतं. त्यावरून कोण आलं, ते कळत नाही.