खुडूक कोंबडीखालचे लाकडी अंडे

मी एक जुने लाकडी अंडे आहे. हसू नका, मित्रांनो. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, म्हणून एका दमात सांगून टाकते.

एका सुताराने मला घडवले. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, परसात पाच कोंबड्यांचे खुराडे होते. त्याची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि तिथून कावळे शिरून अंडी पळवत.

"जाळी तेवढी शिवून दे रे," आक्का म्हणाली.

सुताराला तारेच्या कामाचा भारी कंटाळा. "जाळी कशाला? त्या कावळ्याचीच खोड मोडतो बघ!"

त्याने मोडक्या पलंगाचा पाय लेथवर चढवला, मला गोल केले, घासले, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मी इतके हुबेहूब झाले की आक्काने मला कानाशी धरून हलवून पाहिले.

तिने मला खुराड्यात ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी कावळा आला. त्याने मला तीनदा टोच मारली आणि खजील होऊन भिंतीवर चोच पुसत बसला. आक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. शेजारपाजारचे मला पाहायला आले. महिनाभर एकही अंडे गेले नाही आणि मी फुगून गेले. आक्काने जाळीची आठवण केली की सुतार म्हणे, "अगं, राखणदार बसवलाय ना!" ते ऐकून मला गुदगुल्या होत. आता त्या गुदगुल्यांचीच शरम वाटते.

मग ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसून राहू लागली. बाकीच्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे आक्काची सारी आशा हिच्या पिल्लांवर होती. तिने पाच अंडी हिच्याखाली ठेवली आणि मलाही तिथेच राहू दिले.

"असू दे राखणीला," ती म्हणाली.

कोंबडी दिवसातून कितीदा तरी आम्हाला चोचीने फिरवी, सगळीकडून ऊब लागावी म्हणून. मलाही फिरवी. विसाव्या दिवशी माझ्या शेजारच्या अंड्यातून बारीक चिवचिव आली. मला केवढा आनंद झाला!

त्याच दुपारी कोंबडी पाणी प्यायला उठली आणि फाटक्या कोपऱ्यातून तीन कावळे आत आले. एकाने मला चोचीने हलकेच वाजवले, ओळखले आणि बाजूला ढकलले. टणक लागले तर सोडायचे, नाही तर उचलायचे, हे तो माझ्यावरच शिकला होता. कोंबडी ओरडत धावली, आक्का काठी घेऊन आली, पण तोवर पाचही अंडी गेली होती. मी तेवढे धडधाकट उरले.

कोंबडी परत आली आणि माझ्यावर बसली.

एकविसावा दिवस गेला. आणखी पाच गेले. ती दाण्यालाही नीट उठेना. आक्का दाराशी वाकून म्हणे, "ऊठ ना गं बाई, लाकूड आहे ते." तिला काढायला हात घातला की ती पंख फुलवून माझ्यावर आणखी घट्ट बसे.

सुतार तार आणि पक्कड घेऊन आला. खाली मान घालून त्याने जाळी शिवली. अर्धा तासही लागला नाही.

"चुकलो गं, आक्का."

"मला काय सांगतोस? हिला सांग."

मला बोलता येत असते, तर मी तरी काय सांगणार होते?

शेवटी एका सकाळी ती आपणहून उठली आणि गेली. आता मी सुताराच्या खिडकीत पडून असते. तिच्या चोचीने माझा एका बाजूचा रंग उडाला आहे. सुतार नवा हात द्यायला निघाला होता, पण आक्का म्हणाली, "राहू दे."

मित्रांनो, तुमच्या परसात खुराडे असेल तर आजच त्याच्या जाळीवरून हात फिरवा. भोक सापडले तर आजच शिवा. माझ्यासारखे काहीतरी आत ठेवून निर्धास्त होऊ नका. कावळा चार दिवस फसतो आणि शहाणा होतो. कोंबडी मात्र फसलेलीच राहते.