द्राक्षासव, दोन चमचे

“अप्पा, आधी घरी चला,” सुभद्राबाई दुकानाच्या फळीवर हात आपटत म्हणाल्या. “वैनी पायरीवर बसल्यात अन् एकट्याच हसायल्यात.”

मी हिरड्याची पूड तोलत होतो. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. “हसायल्यात म्हंजे?”

“म्हंजे हसायल्यात! मी इचारलं काय झालं, तर मनल्या, सुभद्रा, तुजं नाक लई सुंदर हाय गं. माज्या नाकाला आजवर कुनी सुंदर मनलं न्हाई अप्पा. कायतरी झालंय त्यांला.”

सुभद्राबाई आमच्या शेजारच्या. त्यांच्या नाकाबद्दल मला काही बोलायचं नाही, पण उगाच धावत येणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. गिऱ्हाइकाला नंतर या म्हटलं, शटर अर्धं ओढलं आणि निघालो.

परळीत वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. मुळ्या, साली, चूर्णं, काढे, आसवं. वडिलांनी थाटलं, मी तीस वर्षं चालवतोय. घर मागच्याच गल्लीत. तरी त्या दिवशी ते अंतर मला लांब वाटलं, कारण गंगासागर, म्हणजे माझी बायको, एकटीच हसणाऱ्यांतली नाही. गेल्या दोन वर्षांत तर ती चारचौघांतही हसलेली मला आठवत नव्हती.

ती पायरीवर बसली होती. मला बघून तिनं बाजूची जागा हातानं झाडली. “या. बसा. तुमी कदी बसतच न्हाई.”

“साखर कमी झाली का गं? घाम आलाय का?”

“बसा मनलं ना,” ती म्हणाली आणि तिला पुन्हा हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी हसण्याचं नव्हतं हे मला दिसलं, पण मी साखरेच्याच मागे होतो. धरून आत नेलं, निजवलं. पाच मिनिटांत ती घोरायला लागली. तोंडाला गोडसर, आंबूस वास येत होता. तीस वर्षं तो वास माझ्या नाकाखालून गेला आहे. ओळखू आला नाही असं मी म्हणणार नाही. ओळखायचा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार तीन साली, गंगासागर एकशे बारा किलोची होती. गुडघे गेले होते, साखर होती, देवळाच्या पायऱ्या चढायच्या तर मध्ये चार वेळा टेकायची. आमची शिवकन्या तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. तिनंच हे काढलं. आता अशी ऑपरेशनं निघालीत, पोट लहान करतात, आईचं करू. मी नको म्हणत होतो, पण मला कुणी विचारलंही नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी पाच भोकं पाडली आणि एवढं मोठं पोट वाटीएवढं करून ठेवलं. बायको वाचली. आज चौसष्ट किलो आहे. देवळाच्या पायऱ्या माझ्याआधी चढते.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला. घास बत्तीस वेळा चावा. गोड नको. सोडा नको. दारू आयुष्यभर नको, कारण अशा पोटातून ती तडक रक्तात उतरते आणि चटकही लवकर लागते. ते हे वाचून दाखवायला लागले तशी गंगासागरनं तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, एवढी ओळ आमच्यापुरती खोडा. लिंगायत आम्ही, गळ्यात लिंग आहे आमच्या. आमच्या घरात दारू शिरलेली नाही.” डॉक्टर हसले. माणूस भला. पेन काढून त्यांनी त्या ओळीवर खरंच रेघ मारली. तो कागद स्वयंपाकघरात दाराशेजारी खिळ्याला आहे.

आणि मी बोललो ते खोटं होतं. आमच्या घरात दारू शिरली होती. माझ्या धाकट्या भावाच्या, गुरुलिंगच्या पायांनी शिरली होती, आणि मी ती त्याच्यासकट बाहेर काढली होती. अकरा वर्षं झाली. दंडाला धरून त्याला गल्लीत उभं केलं आणि सांगितलं, पुन्हा या उंबऱ्याच्या आत दिसलास तर मी तुझा भाऊ नाही. लोक म्हणाले, संगमअप्पा कडक माणूस. मला ते आवडलं होतं.

ती घोरत होती तेव्हा मी त्या कागदावरच्या नंबराला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “त्या दारू घेतात का?”

मी चिडलो. “तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना?”

“बरं. एखादं टॉनिक, खोकल्याचं औषध, काही चालू आहे?”

“द्राक्षासव. ताकदीसाठी. ऑपरेशननंतर फार गळाली होती. मीच देतो. दोन वेळा, दोन-दोन चमचे.”

 डॉक्टर म्हणाले, “तुमचंच दुकान आहे ना औषधांचं? मग मी वेगळं काय सांगू?”

खरंच, काय सांगणार? द्राक्षं, गूळ आणि धायटीची फुलं घालून रांजण महिनाभर तोंड बांधून ठेवला की आत काय तयार होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. पण त्याचं नाव औषध. म्हाताऱ्यांना देतात, अशक्तांना देतात, माझी आई शेवटपर्यंत घ्यायची. धडधाकट पोटात दोन चमचे कुठल्या कुठे जिरतात. वाटीएवढ्या पोटाचा विचार मी केला नव्हता. तरीही, नुसत्या दोन चमच्यांनी माणूस सुभद्राबाईंच्या नाकाची तारीफ करत नाही.

मागच्या खोलीत गेलो. दुकानाचा जादा माल तिथं असतो. परळीत थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, राख सगळीकडे बसते. भांड्यांवर, पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. सकाळी पुसलेल्या फळीवरून संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट पांढरं होतं. मागची खोली मी महिनोन्महिने पुसत नाही. फळीवर बाटल्यांची पुढची रांग नीट होती. ती बाजूला केली. मागे बाटल्याच नव्हत्या. राखेत नुसत्या गोल स्वच्छ चकत्या उरल्या होत्या, एकेका बाटलीच्या जागी एकेक. काहींवर पातळ थर धरला होता, काही अगदी कोऱ्या होत्या. सतरा होत्या. रिकाम्या बाटल्या कुठं गेल्या ते नंतर कळलं. सुभद्राबाईंच्या घरी रॉकेल त्यांतच भरलेलं होतं.

दुपारी चारला ती उठली. मी चहा केला, तिचा अर्धा कप. समोर बसलो. काय बोलायचं ते मला अकरा वर्षांपासून पाठ होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

तीच म्हणाली, “बगितलं व्हय मागं?”

“कावून गं? कशापायी?” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिनं कप बशीत फिरवला. “सुरवातीला ताकद येती मनून घेतलं. मंग... तुमाला काय सांगू? दोन घासात माजं पोट भरतंय. तुमी ताट वाढून घेता, टीव्ही लावता, जेवून उटूनबी जाता. माजा घास तोंडातच असतो. बत्तीस येळा. भिताडाकडं बगत चावायचा. पयलं धपाटे करायचे, सुभद्रा यायची, शिवकन्या असायची, सगळ्यांसंगं बसून खायाचे. आता पंगतीला कुनी बोलवत न्हाई. मनतेत, हिला काय लागतंय? किती बारीक झालीस, किती बारीक झालीस. व्हय, झाले. पन माजं खानं गेलं ओ. खान्यासंगं मानसं गेली. हे घेतलं की जरा घर भरल्यावानी वाटायचं.”

मी माझा कप खाली ठेवला.

“आवो,” ती म्हणाली, “भावजींला तुमी दंडाला धरून काडलं. मला कवा काडनार?”

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती, कपडे बांधून ठेवल्यासारखी. मला त्या प्रश्नाची आजही शरम वाटते. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला माझी एवढीच खात्री पटली होती.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंना तिच्याजवळ बसवलं आणि चौसाळ्याला निघालो. मांजरसुंब्याला गाडी बदलली. गुरुलिंगचं तिथं हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे हे मला माहीत होतं. अकरा वर्षांत दोनदा बसच्या खिडकीतून बघितलंही होतं. उतरलो नव्हतो.

तो ट्रकचं चाक खोलत होता. केस माझ्यापेक्षा पांढरे. मला बघून उठला नाही.

“कोन मेलं?”

“कुनी न्हाई,” म्हणत मी बाजूच्या टायरवर बसलो आणि सगळं सांगितलं.  तो पाना फिरवत राहिला.

“द्राक्षासव,” तो म्हणाला. “घरचंच. तुमच्या हातचं.”

“माज्याच हातचं.”

मला वाटलं हसेल. त्याचा हक्कच होता. तो हसला नाही.

“तू सोडलीस मनतेत,” मी म्हणालो. “चार साल झाले. कशी सोडलीस?”

“रोज सकाळी सोडावी लागती अण्णा.”

“बाटल्या सगळ्या फेकून देऊ का?”

“फेका की. परळीत दुकानं कमी हायत का? कुटं कुटं कुलूप लावता?” त्यानं हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “डॉक्टरला इचारून कमी करा. आपल्या मनानं एकदम तोडू नका, फिट येती. अन् तिला एकटीला जेवू देऊ नका. मला घरातनं काडलं त्याचं काय न्हाई, मी काडन्यासारकाच हुतो. पन त्याच्या आदी साल-दीड साल माजं ताट मागच्या खोलीत ठिवायचे. तुमीच सांगितलं हुतं. त्या फळ्यांकडं बगत जेवायचो मी.”

हे मला आठवत नव्हतं. तिथं टायरवर बसल्या बसल्या आठवलं. ताटसुद्धा डोळ्यांपुढे आलं, कडेला चेपलेलं.

“घरी चल,” मी म्हणालो.

“आज न्हाई.” त्यानं समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली, चहा आला. “वैनीला सांगा, पाडव्याला येतो.”

पुढचे दिवस वाईट गेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, शिवकन्या पंधरा दिवस येऊन राहिली. गंगासागरचे हात थरथरायचे, चिडायची, रडायची, मला वाटेल ते बोलायची. मी ऐकून घेतलं, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. शिवकन्या गेल्यावर मी जेवायला शिकलो. चेष्टा करत नाही. दुपारी दुकान बंद करून घरी यायचं, वरणभाताची एक वाटी तिला, एक मला, आणि तिच्या चालीनं जेवायचं. पहिल्या आठवड्यात उपाशी राहिलो आणि वैतागलो. टीव्ही नाही, पेपर नाही, नुसतं चावायचं. मग हळूहळू बोलायला लागलो. सुभद्राबाईही कधी आपली भाकरी घेऊन येऊन बसायच्या. कागदावरची खोडलेली ओळ मी पेननं खाली पुन्हा लिहून काढली. अक्षर वाकडं आलं.

सकाळी ती माझ्याबरोबर दुकानात यायला लागली. खाली बसून चूर्णाच्या पुड्या बांधायची. मागच्या खोलीतल्या उरलेल्या द्राक्षासवाच्या बाटल्या मी दुकानात वरच्या फळीवर आणून ठेवल्या होत्या. ती फळी मी पुसत नव्हतो. राहून जायचं म्हणून नव्हे. पहारा होता तो माझा, आणि ते तिला कळत असणार.

दोन महिने बरे गेले. मग एका मंगळवारी ती बाराला घरी गेली, स्वयंपाकाला. एक वाजता शटर ओढताना मी सवयीनं वर बघितलं. रांगेच्या टोकाला एक कोरी चकती होती.

 गल्लीतून जाताना मी दोनदा थांबलो. अकरा वर्षांपूर्वीचा तो सगळा पाठ पुन्हा तोंडात आला. तिनं दोन वाट्या वाढून ठेवल्या होत्या. मी घरात शोधाशोध केली नाही. तिच्या तोंडाचा वास घ्यायला वाकलो नाही. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलं नसेल. शेजारी बसलो आणि घास घेतला. ती त्या दिवशी आणखीच हळू चावत होती.

“आज कावून बोलंना तुमी?” ती मध्येच म्हणाली.

“घास हाय तोंडात.”

तिनं मान खाली घातली. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागली. ती उठेपर्यंत मी उठलो नाही. दुपारी दुकान उघडलंच नाही. ती पायरीवर जाऊन बसली तसा मीही बाहेर आलो, बाजूची जागा हातानं झाडली आणि बसलो. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. 

दुसऱ्या दिवशी ती दुकानाची किल्ली घेऊन माझ्याआधी निघून गेली. मी पोचलो तेव्हा पुड्या बांधत बसली होती, नजर हातातल्या दोऱ्यावर. मी वर बघितलं. बाटली फळीवर होती. झाकणाचं सील तसंच होतं. घाईत ठेवलेली असावी, बोटभर सरकून बसली होती आणि तिच्या बाजूला जुन्या चकतीची कोर उघडी राहिली होती.

ती सरळ करायला मी हात लावला नाही. गंगासागरच्या शेजारी खाली बसलो. तिनं न बघता कागदांची थप्पी माझ्याकडे सरकवली. संध्याकाळपर्यंत त्या कोरेवर राख बसली होती.